एकानंतर दहा

निराशेशी इतक्या निष्ठेने संसार केलेला माणूस जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत मिळून दुसरा सापडायचा नाही, हे मी आमच्या थोरल्या साडूंबद्दल छातीठोकपणे सांगतो. जव्हार ते मोखाडा त्यांची सीट भरून चालणारी जीप होती. इतर ड्रायव्हर गाडी सुरू करताना देवाच्या फोटोला हात लावतात. साडू मान मागे वळवून पंधरा-सोळा जिवांना सांगत, "बसा. पोचलो तर पोचलो." पाऊस असला की पुढे दरड आलेली असणार, ऊन असलं की टायर बसणार, आणि दोन्ही नसलं तर मग नक्कीच काहीतरी मोठं होणार. माझ्या लग्नात अक्षता पडल्यावर सगळे हसतखेळत भेटत होते, तेव्हा साडूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, झालं ते झालं." शाळेचा निकाल चांगला लागला म्हणून मी पेढे घेऊन गेलो, तर पेढा तोंडात टाकून म्हणाले, "पुढच्या साली कळंल." आणि गंमत अशी की, इतकी वर्षं रोज न पोचण्याची खात्री देणारा हा माणूस एक दिवसही पोचला नाही असं झालं नव्हतं.

त्याचं कारण कॅसेट. जीपमध्ये जुना टेप होता आणि त्यात साडूंनी जव्हारच्या एका दुकानातून भरून घेतलेली एकच कॅसेट. एका बाजूला अकरा गाणी, ती जाताना. दुसरी बाजू येताना. स्टँडवरून गाडी हलली की पहिलं गाणं लागायचं आणि अकरावं संपता संपता मोखाडा यायचं. मधले सगळे थांबे गाण्यांवर बसलेले. कोळीगीत संपलं की शाळेचा फाटा. लग्नातलं गाणं संपलं की मोहाचं मोठं झाड. पाचव्या गाण्यात टेपने एकदा फीत चावली होती, तिथे गाणारीच्या आवाजातून 'कुंईं' असा कळवळून सूर निघायचा, आणि बरोबर तिथेच घाटातलं वाईट वळण होतं. कुंईं झालं की साडू गिअर टाकायचे आणि सगळी जीप न सांगता दांडा धरायची. झोपलेली माणसंसुद्धा धरायची. दहावं गाणं रडकं होतं. ते संपलं की एका म्हातारीचा पाडा. ही म्हातारी दर बाजाराला यायची, जव्हारला बसली की डोळे मिटायची आणि रडकं गाणं लागलं की जागी होऊन टोपली काखेला मारायची.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. साडूंचे डोळे अधू होत चालले होते. ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, रोज त्यांच्या मागे लागायची की डोळे तपासून घ्या, नाहीतर गाडी सोडा. ताटातली नागलीची भाकर संपली तरी हा माणूस ताट चाचपतो, असं ती माझ्यापाशी रडली होती. साडूंचं उत्तर ठरलेलं. "इतक्या वर्षांत एक थांबा चुकलाय? ज्या दिवशी थांबा चुकंल त्या दिवशी किल्ली तुझ्या हातात देईन. मग बोल." थांबा कधी चुकतच नव्हता.

तो मी चुकवला.

त्याचं असं झालं. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला आमच्या शाळेत एक कॉम्प्युटर आला, आणि तो बंद कसा करायचा हे मला ठाऊक असल्यामुळे मी तज्ज्ञ ठरलो. त्याच सुमाराला साडूंची फीत ढिली पडली. गाणी रेंगाळायला लागली. साडूंना आनंदच झाला. "बघा मास्तर, मोखाडा लांब चाललंय," ते म्हणाले. मी म्हणालो, "दाजी, काळजी करू नका, ही गाणी मी आत घेतो." "कशाच्या आत?" "कॉम्प्युटरच्या." "मग गेली," साडू म्हणाले.

मी ठाण्याला जाऊन अंगठ्याएवढा गाणी वाजवणारा प्लेअर आणला आणि त्याच्याबरोबर एक शेपटीसारखी तार असलेली कॅसेट. म्हणजे दिसायला कॅसेट, आत फीत नाही. टेपात घालायची आणि तिची तार प्लेअरला जोडायची, की टेपाला वाटतं आपणच गातोय. पहिल्यांदा मी ती उलटी घातली. दुसऱ्यांदा सुलटी घातली, तर टेप आतल्या आत बाजू बदलत टक-टक करत बसला. साडू शेजारी उभे राहून इतक्या समाधानाने बघत होते की मला हट्टच चढला. चार रविवार घालवून मी अकराही गाणी कॉम्प्युटरात उतरवली, त्यांचा वेग नीट केला, एकापासून अकरापर्यंत आकडे दिले, म्हणजे क्रम जराही हलायला नको. आणि पाचव्या गाण्यातलं ते कुंईं मी कापून काढलं. त्यासाठी एक अख्खी दुपार गेली. असलं स्वच्छ काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

श्रावणातला बाजारचा दिवस होता. धुकं असं की जीपचं नाक दिसेना. मी मुद्दाम पुढे साडूंच्या शेजारी बसलो, कौतुक करून घ्यायला. "बसा. पोचलो तर पोचलो." गाडी हलली, पहिलं गाणं लागलं, खणखणीत. मी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. पहिलं संपलं आणि रडकं गाणं लागलं.

आता मला माहीत आहे की त्या यंत्राला आकडा कळत नाही, आकड्याचं फक्त पहिलं अक्षर कळतं. एक झाला की ज्याच्या तोंडाशी एक आहे तो दहा, मग अकरा, आणि मग दोन. तेव्हा मला एवढंच वाटलं की गाणं किती छान ऐकू येतंय. साडूंच्या कपाळाला आठी पडली, पण त्यांचे पाय डोक्याचं ऐकत नसत, गाण्याचं ऐकत. गाणं संपलं तसा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मागचं दार वाजलं. दोन्ही बाजूंना पांढरं धुकं. गाडी पुढे निघाली. मग अकरावं लागलं आणि मागे पिशव्या गोळा व्हायला लागल्या. "मोखाडा आज लवकर आला," एकाने म्हटलं. "गाडी पळवलीन असल," दुसरा म्हणाला. तिसरा बाहेर डोकं काढून म्हणाला, "बाहेर कायच नाय." "गाणा हाय ना," त्याला दटावलं गेलं.

मग दुसरं लागलं, तिसरं, चौथं; धुक्यात गाडी रांगत होती, ते वळण अजून यायचंच होतं. माणसं गोंधळून पिशव्या खाली ठेवायला लागली. पाचवं चालू झालं आणि मी डोळे मिटून माझ्या त्या स्वच्छ जागेची वाट पाहू लागलो. ती आली, गेली. कोणी दांडा धरला नाही. साडूंनी गिअर टाकला नाही. मग धाडकन काहीतरी झालं आणि जीप कठड्याच्या दगडाला टेकून उभी राहिली. दगडाच्या पलीकडे धुकं होतं, आणि त्याच्याखाली काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

प्लेअर मात्र गात होता.

"दाजी, वळण दिसलं नाही का?" मी विचारलं.

साडू स्टिअरिंग धरून समोर पाहत होते. "आवाज कुठं आला, मास्तर?" ते म्हणाले.

तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "म्हातारी कुठं हाय?"

गाडी वळवली. या वेळी साडूंनी मला खाली उतरवलं आणि मी गाडीच्या पुढे रुमाल हलवत घाट उतरलो. म्हातारी जव्हारपासून फार लांब नव्हती. इरलं पांघरून एका मैलाच्या दगडावर बसली होती, टोपली मांडीवर. मी तिची क्षमा मागायला गेलो, तर ती माझ्यावरच चिडली. "गाणा झाला, मी उतरले," ती म्हणाली. "गाणा बरोबर होता. पाडाच जाग्यावर नवता." मग साडूंकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुजा पाय का कापतो?"

त्या संध्याकाळी साडूंनी किल्ली ताईच्या हातात दिली. मी आकड्यांचं सगळं प्रकरण समजावून सांगितलं, प्लेअर दाखवला, चूक माझी, कुंईं मी कापलं, थांबा तुमचा चुकलेलाच नाही, असं गयावया करून सांगितलं. ताईसुद्धा किल्ली परत द्यायला तयार झाली होती. साडूंनी हात पुढे केला नाही. "गाणी तुमची होती, मास्तर," ते म्हणाले. "डोळे माझे होते."

जीप दुसऱ्याकडे गेली. त्याने टेप काढून टाकला. साडूंच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले, आणि दिवाळीनंतर मी त्यांना एसटीने मोखाड्याला घेऊन गेलो. स्वच्छ ऊन होतं. साडू खिडकीत. घाटातलं ते वळण आलं आणि त्यांनी खाली पाहिलं. दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरला, तो गाडी मोखाड्यात शिरेपर्यंत सोडला नाही. "मास्तर," ते इतकंच म्हणाले, "इथं एवढं खोल हाय, मला कोणी सांगितलं का नाय?"

ती जुनी कॅसेट माझ्या कपाटात आहे. फीत आता इतकी ढिली झाली आहे की ती लावली तर मोखाडा बहुधा कधीच यायचं नाही. साडू अजून आमच्याकडे येतात, चहा घेतात, पेपरातली बारीक अक्षरंसुद्धा वाचून दाखवतात. मागच्या महिन्यात माझी बदली खोडाळ्याला झाली. रोज घाटातून जायचं म्हणून मी थोडा धास्तावलो होतो. निघताना त्यांच्या पाया पडलो आणि सवयीने त्या जुन्या वाक्यासाठी थांबलो. साडूंनी माझ्याकडे नीट पाहिलं, माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "पोचाल, मास्तर. नीट पोचाल."

एवढी भीती मला त्या कठड्यावरसुद्धा वाटली नव्हती.