ब्लू लँटर्नचं लांबडं गाणं

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. सदूच्या दुकानात जुन्या पंख्यांच्या मोटारी साठतात ना, तसे ते साठत जातात. विकल्या जात नाहीत, टाकवत नाहीत, आणि कधी सहज हात लागला की त्यातली एखादी गर्रकन फिरते!

सदू म्हणजे सदू इलेक्ट्रिकवाला. मरोळला दुकान, मूळ मालवणकडचा, तोंडाने करवत. मी त्याचा शाळेपासूनचा मित्र. म्हणजे शाळा त्याने पुरी केली, मी नववीत राहिलो. नववीला मी फार आवडलो होतो.

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं आणि आमच्यासारखेच तीन-चार रिकामटेकडे एका बँडचे फॅन होतो. बँडचं नाव ब्लू लँटर्न. तुम्ही ऐकलं नसेल. काही हरकत नाही, तेव्हाही कुणी ऐकलं नव्हतं!

बँडमध्ये चौघं, सगळे आमच्या शेजारच्या गावठाणातले. घरात मराठी बोलायचे, स्टेजवर इंग्रजी गायचे. डॉम्निक गायचा आणि गिटार वाजवायचा. विल्फी ड्रमवर. बाकी दोघं सख्खे भाऊ, एकमेकांशी फक्त गिटारवर बोलायचे. रॉक म्हटलं की लोकांना वाटतं आरडाओरडा. ह्यांचं रॉक म्हणजे संध्याकाळी आरेच्या रस्त्यावर धुकं उतरतं ना, तसं. कुठून आलं कळायचं नाही, पण मान भिजलेली असायची.

त्यातही डॉम्निकचं एक गाणं होतं. इतकं लांब, की आम्ही त्याला 'लांबडं' म्हणायचो. त्याचा शेवट डॉम्निक एकटा गिटारवर वाजवणार होता. 'होता' म्हणतो, कारण प्रॅक्टिसमध्ये तिथवर आला की तो हात उचलायचा. "शेवट पब्लिकसाठी. तुम्हा फुकट्यांसाठी नाय!"

आता पब्लिकने तो शेवट ऐकला का, एवढीच ही गोष्ट आहे.

*

प्रॅक्टिस आरे कॉलनीत, एका रिकाम्या गोठ्यात. गोठ्यात दिव्याचा होल्डर एकच. सदू बल्ब काढून त्यात गिटारची वायर घालायचा. मग उजेडाला काय? कंदील. त्याच्या काचेला डॉम्निकने पतंगाचा निळा कागद लावला होता. बँडचं नाव तिथून आलं. निळ्या उजेडात चौघांची तोंडं अशी दिसायची, जशी विहिरीच्या तळातून कुणी वर बघतंय. आम्ही पेंढ्यावर पाठ टेकून पडायचो. इंग्रजी आम्हाला 'नो पार्किंग'एवढंच कळायचं. पण आडवं पडून ऐकायला भाषा लागते कुठे?

शेजारच्या गोठ्यात म्हशी, आणि त्यांचा राखणदार रामसुमेर. पहिल्याच आठवड्यात तो काठी घेऊन आला. म्हटलं, गेली प्रॅक्टिस! तो विल्फीला म्हणाला, "तुम बंद करो." आणि डॉम्निकला म्हणाला, "भैया, तुम वो लंबावाला बजाओ. भैंस चैन से दूध देती है."

तेव्हापासून विल्फीच्या ड्रमवर गोणपाट आलं आणि दूध काढायच्या वेळेला लांबडं सुरू झालं. डॉम्निकची छाती फुगली. "बघा रे! पहिला ऑडियन्स, ज्याने आपल्याला काहीतरी दिलं!"

सदू म्हणाला, "दिल्यानी रामसुमेराक. तुका खंय दिल्यानी?"

*

एकदा जुहूच्या एका हॉटेलात प्रोग्राम मिळाला. आम्ही फॅन लोक 'टेक्निशियन' म्हणून आत घुसलो. प्रत्येकाच्या खांद्यावर वायरचं वेटोळं. सदू सोडला तर त्या वायरीला दोन टोकं असतात एवढंच आम्हाला ठाऊक!

खिडकीबाहेर समुद्र काळसर होत चालला होता आणि डॉम्निकने लांबडं सुरू केलं. एक बाई, गळ्यात मोत्यांची माळ, जेवायची थांबली. मला बोलावून विचारलं, "ह्या गाण्याचा अर्थ काय हो?"

मी कधी 'माहीत नाही' म्हणालोय? मी सांगितलं, "एक माणूस खाडीकाठी राहतो बाई. त्याची बायको होडीतून माहेरी गेली. ती येईल म्हणून तो रोज कंदील लावतो. होडी येते, पण तीच किनाऱ्यावर उतरत नाही. नुसती उजेडाकडे बघते आणि परत जाते."

बाईंनी डोळ्यांना नॅपकिन लावला. तेवढ्यात दार उघडलं, चाकांवरून केक आला, आणि मॅनेजर स्टेजखालून हात हलवायला लागला. दुसऱ्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस! लांबडं अर्ध्यात मोडलं आणि सगळं हॉटेल टाळ्या पिटायला लागलं.

परतताना डॉम्निकने विचारलं, "ती बाई का रडत होती?" मी त्याला होडीची स्टोरी ऐकवली. त्याने कपाळावर हात मारला. मग म्हणाला, "साल्या, हे आधी सांगायचं ना! मी तसंच लिहिलं असतं!"

*

आमच्या चाळीत सत्यनारायणाची पूजा होती. मी सेक्रेटरीला पटवलं, की ह्या वेळी ऑर्केस्ट्रा नको, ब्लू लँटर्न आणू. सेक्रेटरी हुशार माणूस. पब्लिक पळू नये म्हणून त्याने माइकवर जाहीर केलं, "आता सादर होत आहे, इंग्रजी भावगीत!"

आणि काय सांगू, चाळ बसली! बायका पदर सावरून बसल्या, प्रसादाचे द्रोण हातात तसेच. डॉम्निक डोळे मिटून गात होता. हळूहळू मागचे पोरगे उठले, मग त्यांचे बाप उठले. पण बायका हलल्या नाहीत. तळमजल्यावरच्या शेवंताकाकूंनी मला कोपर मारलं. "कोण गेलं रे बिचाऱ्याचं?"

मी म्हटलं, "गिऱ्हाईक!"

शेवट जवळ आला तसा मी पुढे सरकून बसलो. आणि ठप्प! चाळीची लाइट गेली. गिटार मुकी. ड्रम चालू राहिला, पण नुसता ड्रम म्हणजे दवंडीच की! कंदील मात्र जळत होता. निळ्या उजेडात काकू पुढे गेल्या आणि डॉम्निकच्या हातावर प्रसाद ठेवला. "असू दे हो. दिवस जातात, माणूस विसरतो."

डॉम्निक म्हणाला, "थँक्यू काकू." दुसरं काय म्हणणार?

*

आता पास्कलबाबा. गावठाणातले जुने वाजंत्री. ब्रास बँडमध्ये जन्मभर कॉर्नेट वाजवलेले, गाल अजून फुगलेलेच. त्यांची मुलगी फिलू, आणि डॉम्निकचं तिच्यावर, हे सगळ्या मरोळला ठाऊक. पास्कलबाबांना तर सगळ्यात आधी ठाऊक.

त्यांचं डॉम्निकबद्दल एकच म्हणणं. "ज्याला वाजवायला वायर लागते तो वाजंत्री नाय. ती इस्त्री!"

चर्चच्या फेस्टच्या जत्रेत बँड वाजणार होता. सदूने ठरवलं, लांबडं टेप करायचं. कोरी कॅसेट कुठली? त्याने घरची उचलली. तिच्यात त्याच्या काकांचं गावच्या देवळातलं गाऱ्हाणं होतं. म्हणजे काका देवाला एकेक मागणं सांगणार आणि दर मागण्याला सगळा गाव ओरडणार, "व्हय म्हाराजा!" सदू म्हणाला, "काकांक काय कळता? वरसून भरूया."

लांबडं रंगात आलं. मैदानावर बल्बांच्या माळा हलत होत्या, म्हाताऱ्या जोडप्यांनी हळूच डान्स धरला होता. शेवट आता येणार, आणि स्टेजवर एक गृहस्थ आकड्यांची पिशवी घेऊन घुसले. हाउजी! सगळ्यांनी तिकिटं काढली. हाउजीपुढे गावठाणात कुणाची टाप नाही. सदूने वैतागून टेप बंद केला.

दुसऱ्या दिवशी कॅसेट लावली. लांबडं झकास आलेलं. गिटार चढत चढत पार टोकाला जाते... आणि त्याच्या पुढे पुसायचं राहिलेलं काकांचं गाऱ्हाणं. "व्हय म्हाराजा!"

ती कॅसेट आम्ही इतकी वाजवली, की जिभेला सवयच लागली. पुढे डॉम्निकचं कुठलंही गाणं संपलं की आम्ही मागून एका सुरात, "व्हय म्हाराजा!"

विल्फी चिडायचा. पास्कलबाबा एकदा थांबले, आमच्याकडे वरून खाली बघितलं आणि म्हणाले, "जसा बँड, तशी पब्लिक!"

*

मग बँडची वाट लागायला लागली. कुणी भांडलं नाही, कुणी काही फोडलं नाही. नुसतं विरत गेलं. लग्नात एकच माणूस यायला लागला, एक कीबोर्ड मांडीवर घेऊन. त्यातच ड्रम, त्यातच बासरी. दोघं भाऊ गल्फला गेले, एकाच विमानात, आणि म्हणे तिथेही बोलले नाहीत. विल्फीच्या आईने मोठ्या ड्रमची एक बाजू काढून त्यात तांदूळ भरले. विल्फी म्हणायचा, "आवाज पहिल्यापेक्षा बरा येतो."

गोठ्यात आता डॉम्निक एकटाच जायचा. कधी मी आणि सदू. कंदिलाचा कागद रंग उडून पांढुरका झाला होता, तो बदलायचंही कुणाला सुचलं नाही. लांबड्याचा सूर धुक्यात जायचा, पलीकडे एखादी म्हैस हंबरायची. बरं वाटायचं, कुणीतरी ऐकतंय.

एके दिवशी डॉम्निक म्हणाला, "पास्कलबाबांनी हो म्हटलं."

"अरे वा! मग तोंड का असं?"

"लग्नानंतर गिटार माळ्यावर. मीपण कबूल केलं. कोण ऐकतं रे आता?" मग गिटारवरची धूळ शर्टाने पुसत म्हणाला, "पण एक मागून घेतलंय. उंबराच्या पाण्याला लांबडं वाजवणार. पुरं."

उंबराचं पाणी म्हणजे त्यांच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका घागरी घेऊन विहिरीवर जातात आणि वाजतगाजत पाणी घरी आणतात. पास्कलबाबांनी त्यालाही हो म्हटलं होतं, पण त्यांची अट होती. "चालता चालता वाजवायचं. पानी कुणासाठी थांबत नाय. आमी जन्मभर चालत वाजवलं!"

मी सदूकडे बघितलं. चालती वरात आणि विजेची गिटार! सदू कान खाजवत म्हणाला, "घरां आसत मा वाटेर? मगे घरागणिक प्लग आसा."

*

दोन्ही घरं एकाच गावठाणातली, त्यामुळे पाणीही एकत्रच निघालं. ऊन उतरलेलं. पुढे लुगडी नेसलेल्या बायका, डोक्यावर घागरी. मधे हातगाडीवर स्पीकर आणि निळा कंदील, त्याला नवा कागद. बाजूला नवरदेव गिटार घेऊन, विल्फीच्या गळ्यात छोटा ड्रम. मागे पास्कलबाबा, काळी हॅट, हात पाठीमागे.

सदूची योजना अशी. पहिल्या घराच्या खिडकीतून वायर. वरात पुढे सरकली की वायर ताणणार, मग तिथला प्लग काढून मी पळत पुढच्या घरात. त्या मधल्या वेळात गिटार मुकी!

पहिल्यांदा ती मुकी झाली तेव्हा पास्कलबाबा खुशीत ओरडले, "झाली इस्त्री थंड!"

आणि आम्ही फॅन लोकांनी तोंडाने सूर उचलला. पेंढ्यावर पडून इतकी वर्षं ऐकलेलं, कुठे जातंय? "ला-ला-ला" करत पुढच्या दारापर्यंत नेलं, मी प्लग खुपसला, आणि गिटार अचूक त्याच जागी परत आली! बायका हसायला लागल्या. दुसऱ्या खेपेला त्यांनीही धरलं. तिसऱ्या घराला तर ओट्यावरची माणसं वायर हातोहात पुढे द्यायला लागली. संध्याकाळ निळी होत चालली होती आणि गाणं एका घरातून दुसऱ्या घरात जात होतं, मधल्या अंधारात माणसांच्या तोंडातून. फिलू खिडकीत उभी होती. नवरीने दिसायचं नसतं, पण बघायचं नाही असं कुठे आहे?

असं करत विहीर आली. घागरी भरल्या. गिटार चढत चढत त्या टोकाला पोचली, जिथे कॅसेटवरचं लांबडं तुटतं.

आणि बंद पडली.

शेवटच्या घरातून ताणत आणलेली वायर संपून प्लग निसटला होता. विहिरीला कुठलं घर आणि कुठला प्लग? सदूने माझ्याकडे बघितलं, मी सदूकडे. तोंडाने उचलावं, तर काय उचलणार? पुढचं कुणी कधी ऐकलंच नव्हतं!

डॉम्निक थांबला नाही. डोळे मिटून तशीच मुकी गिटार वाजवत राहिला. विल्फीने ड्रमवर हात ठेवला. आवाज म्हणाल तर बारीक, तारांवर नख फिरल्यासारखा. दोन पावलांवर मी, पण मला धड ऐकू येईना. भरल्या घागरी घेऊन बायका परत निघाल्या, पैंजण वाजले.

"थांबा गो!" पास्कलबाबा ओरडले. "पानी थांबवा!"

सगळं गावठाण जागच्या जागी उभं राहिलं. पास्कलबाबा पुढे आले. हॅट काढली, वाकले, आणि डॉम्निकच्या गिटारीच्या लाकडाला कान लावला.

घागरींतून थेंब पडत होते. कंदिलाच्या उजेडात डॉम्निकची बोटं तेवढी हलत होती. मग एक बोट उरलं. मग तेही थांबलं.

आम्ही सवयीने तोंड उघडलं. पास्कलबाबांनी कान न काढता हात वर केला. 

ते सावकाश सरळ झाले. हॅट छातीशी धरली, आमच्याकडे एकदा बघितलं, फुगलेले गाल आणखी फुगवले आणि कॉर्नेट वाजावा तसे एकटेच दणकून म्हणाले,

"व्हय म्हाराजा!"