भगवंतकाका दार उघडत नाहीत

आमच्या त्रिवेणीने दोन मिनिटांचा चित्रपट काढला. अख्खा चित्रपट नव्हे, नुसती सुरुवात. मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला म्हणे असंच असतं. सुरुवात करायची, ती झोकात करायची आणि पुढचं काही करायचंच नाही. तिचा व्यायाम, तिची कपाटाची आवराआवर आणि तिचं कथ्थक लहानपणापासून याच पद्धतीने चालत आल्यामुळे या विषयात तरी ती चमकेल अशी मला आशा होती.

आशा ठेवणं भागच होतं. तिच्या वडिलांनी, म्हणजे संदेशने, आधीच सांगून ठेवलं होतं की या प्रकल्पात साठाच्या वर गुण पडले तर हे शिक्षण चालू, नाहीतर जूनपासून बी.कॉम. संदेश कमी बोलतो, पण बोलेल ते करतो. हा गुण नवऱ्यात असावा असं लग्नाआधी मला फार वाटायचं.

चित्रपटाची कथा अशी: एकटा म्हातारा घरात बसला आहे. दारावर थाप पडते. तो घाबरतो. थापा वाढतात. तो दार उघडत नाही. पडद्यावर नाव येतं. संपलं. तिच्या वर्गातल्या बाकीच्यांच्या चित्रपटांत गजर वाजतो, नायक उठतो आणि आरशासमोर दात घासतो, त्यामानाने हे बरंच म्हणायचं.

घर आणि म्हातारा, दोन्ही फुकट मिळतील असं एकच ठिकाण होतं. इथल्याच, हैदराबादच्या गौलीगुड्यातले भगवंतकाका, संदेशचे सख्खे चुलते. वय एकाहत्तर. बेगम बाजारात भांड्यांच्या घाऊक दुकानात चौतीस वर्षं गिऱ्हाइकांपुढे पातेली मांडली आणि परत रचून ठेवली. काकू जाऊन आठ वर्षं झाली, मूलबाळ नाही. एका कपड्याच्या दुकानावर, उघड्या गच्चीला लागून, त्यांच्या दोन खोल्या आहेत, पण त्यांना खोल्या म्हणणं जरा धाडसाचं. गल्लीतल्या निम्म्या घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडे. कुरियरवाला सगळ्यांची पार्सलं त्यांच्याकडेच टाकतो. समोरच्यांचा गॅस सिलेंडर त्यांच्या स्वयंपाकघरात उभा असतो. विमा विकणारे, मतं मागणारे, मीटर बघणारे, सगळे त्यांच्याकडे बसून चहा पिऊन जातात. मीटरवाला तर मीटर न बघता नुसता चहाच पिऊन जातो, असा मला संशय आहे.

अशा माणसाला माझ्या लेकीने दार न उघडण्याचं काम दिलं.

रविवारी सकाळी आम्ही पोचलो. त्रिवेणी दिग्दर्शक. तिच्या वर्गातला विवेक कॅमेरा लावून देणार आणि मग बाहेर जाऊन थापा मारणार. मी थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून काकांच्या तोंडावर उजेड पाडणार. बी.एस्सी. फर्स्ट क्लासचा असा उपयोग होईल असं आमच्या प्राध्यापकांना वाटलं नसेल.

पहिली थाप पडली. काका "आलो, आलो" म्हणत उठले आणि त्यांनी कडी काढली.

त्रिवेणीने समजावलं. दुसऱ्या वेळी ते बोलले नाहीत, फक्त उठले आणि कडी काढली. तिसऱ्या वेळी बसून राहिले, पण बसल्या जागेवरून "ढकल, उघडंच आहे" असं सांगितलं. चौथ्या वेळी दार उघडून त्यांनी विवेकच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

"अंकल, नक्को खोलो ना," विवेक रडकुंडीला येऊन म्हणाला.

"अरे मियाँ, तू उन्हात उभा आहेस. मी आत पंख्याखाली बसू कसा?"

मग थापा नंतर आवाज म्हणून जोडायच्या असं ठरलं. विवेक आत येऊन बसला. आता थाप नव्हती, त्यामुळे काका घाबरेनात. बसची वाट बघतोय असा शांत चेहरा करून ते बसून राहिले. अकरा वेळा. साडेबाराला पलीकडच्या खिडकीतून आत ऊन आलं आणि माझा थर्माकोलही बेकार झाला. दुपारी चारला कॅमेरा परत द्यायचा होता, आणि मंगळवारी प्रकल्प. मला समोर जून महिना दिसायला लागला.

त्रिवेणी काकांच्या पायाशी जाऊन बसली. तिला वर्गात शिकवलेली एक युक्ती आठवली होती. म्हणाली, आजोबा, डोळे मिटा आणि मनात असा माणूस आणा, जो दाराशी आला तर तुम्ही उघडणार नाही.

माझी तर जागच्या जागी पाच नावांची यादी तयार झाली. त्यातली तीन सासरची.

काकांनी डोळे मिटले. बराच वेळ विचार केला. शेवटी अगदी अपराधी चेहऱ्याने म्हणाले, "असं कुणी नाही गं."

माझ्याने राहवलं नाही. काकांच्या थोरल्या भावाने, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, उदगीरजवळची वडिलोपार्जित जमीन काकांना न विचारता विकली होती. ती गोष्ट आमच्या घरात कुणी काढत नाही. मी काढली. म्हटलं, काका, समजा मामंजी आले आहेत दाराशी.

"दादा?" काका माझ्याकडे बघतच राहिले. "दादा एवढे दोन जिने चढून आला, तर पाणी नको द्यायला?"

माझे सासरे जाऊन सहा वर्षं झाली. मी थर्माकोल उचलला आणि तोंडासमोर धरला.

तेवढ्यात त्रिवेणीने शेवटचं शस्त्र काढलं. ती उभी राहिली आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "आजोबा, आता दार उघडलंत तर बाबा मला कॉमर्सला घालणार. कायमचं."

विवेक बाहेर गेला. थाप पडली. काका जागचे हलले नाहीत. दुसरी पडली. त्यांनी खुर्चीचे हात पकडले. विवेकने दोन्ही मुठींनी दार बडवायला घेतलं, तशी त्यांची मान ताठ झाली, कपाळावर घाम आला, ओठ हलले पण आवाज निघाला नाही. एकदा ते अर्धे उठले, त्रिवेणीकडे पाहिलं आणि परत बसले. डोळे भरले होते. पावणेदोन मिनिटं. मी थर्माकोल कसा धरला होता देव जाणे.

"कट," त्रिवेणी म्हणाली. काका त्याआधीच दाराशी पोचले होते. विवेकला आत ओढून त्यांनी त्याची माफी मागितली.

प्रकल्पाबरोबर एक लेखही द्यावा लागतो, आपण काय शिकलो त्यावर. तो मी तपासला, कारण स्पेलिंग तपासायला आई चालते. 'कलाकाराकडून काम कसं करून घेतलं' या प्रश्नाखाली माझ्या लेकीने लिहिलं होतं की तिने परस्पर विश्वासाचं वातावरण निर्माण केलं. मी तिथला एक स्वल्पविराम दुरुस्त केला. काकांचा मात्र शूटिंगच्याच संध्याकाळी फोन आला होता. पोरीला सांगू नकोस म्हणाले, पण तो पिक्चर पुढे वाढवता येतो का? शेवटी मी दार उघडलं, एवढंच दाखवायचं. नाहीतर बघणाऱ्याला वाटेल, भगवंतराव आत बसून दार उघडत नाहीत.

मी त्रिवेणीला विचारलं. दोन मिनिटांची मर्यादा आहे, आणि दार उघडलं तर सस्पेन्स काय राहिला, असं उत्तर मिळालं. मी काकांना म्हटलं, पिक्चरमध्ये जमणार नाही, पण तिथे लोकांना मी सांगेन. आपण काय कबूल करतोय याचा विचार न करता कबूल करायची मला सवय आहे.

काल कॉलेजात पालकांसमोर सगळ्या सुरुवाती दाखवल्या. सहा गजर वाजले. मग आमचे काका आले. अंधारात कुणी खोकलंसुद्धा नाही. दिवे लागल्यावर त्रिवेणीचे सर उभे राहिले आणि म्हणाले, या वृद्धाच्या डोळ्यांत जी दहशत आहे ती शिकवून येत नाही, ज्याने आयुष्यभर जगाची भीती बाळगली आहे तोच असं बसू शकतो. माझा हात वर निघाला होता, तो मी खाली घेतला. समोर सर होते, त्यांच्या हातात गुणांचा कागद होता, आणि शेजारी संदेश हाताची घडी घालून बसला होता. काका एक दिवस थांबतील, असं मी स्वतःला समजावलं. मी आई आहे, आणि सत्यवचनी वगैरे नाही.

सरांनी कागदावर लिहिलं आणि आकडा वाचून दाखवला. अठ्ठ्याहत्तर. संदेशने हाताची घडी सोडली. त्रिवेणीने डोळे मिटून घेतले.

मग मी उभी राहिले आणि माईक मागून घेतला. म्हटलं, सर, ती दहशत नव्हती. बाहेर एक मुलगा उन्हात उभा होता आणि यांना दार उघडायचं होतं. हिने उघडू दिलं नाही. नंतर त्यांनी उघडलं.

सर "इंटरेस्टिंग" म्हणाले. आकडा आता खोडता येत नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्रिवेणी खुर्चीत इतकी खाली सरकली की फक्त केस दिसत होते. ती कालपासून माझ्याशी बोललेली नाही. संदेश एरवीही बोलत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे आणि हे सगळं लिहायला वेळ मिळाला.

काकांना रात्री फोन केला. आधी त्यांनी गुण विचारले. ऐकून म्हणाले, बरं झालं, पोरगी सुटली. मग विचारलं, "आणि ते? सांगितलंस?"

"सांगितलं," मी म्हणाले. "माईकवर."

"मग हरकत नाही," काका म्हणाले. "आता दाखवा कुणालाही."