वास जिन्यात गेला होता

आईचं परतीचं विमान रविवारी दुपारी होतं. शनिवारी मी स्लो कुकरमध्ये, म्हणजे दिवसभर मंद आचेवर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, बीफ स्ट्यू लावला. इथल्या, जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या खाटकाकडून आणलेले मोठे तुकडे, कांदे, गाजर, बटाटे, तमालपत्र आणि आईने पुण्याहून आणलेला काळा मसाला. एकदा तरी तिच्याबरोबर टेबलाशी बसून, खिडक्या उघड्या ठेवून हे जेवायचं होतं. तीन महिन्यांत ते जमलं नव्हतं. दरवेळी तिने काही ना काही कारण काढून टाळलं होतं.

पुण्यात आम्ही भाड्याच्या घरात राहायचो. मोठ्याचं मटण, म्हणजे बीफ, खातो हे कळलं तर घर सोडावं लागेल, अशी भीती कायम असायची. ते महिन्यातून एखाद्या वेळी शिजायचं, नेहमी प्रेशर कुकरमध्ये, कारण लवकर होतं. आई खिडक्या लावायची, दाराच्या फटीत ओलं फडकं ठेवायची, दोन उदबत्त्या पेटवायची. आम्ही भावंडं दबक्या आवाजात जेवायचो. त्या रश्श्याची चव मला पुढे कुठेच मिळाली नाही.

स्लो कुकरचं तिला पटेना.

"म्हणजे दिवसभर वास?" तिने विचारलं.

"आई, इथे कुणी विचारत नाही."

"विचारत नाहीत, लक्षात ठेवतात."

दुपारी मी मुलीला पोहायला घेऊन गेले. परत आलो तेव्हा घरातल्या सगळ्या खिडक्या बंद होत्या आणि काचांवर वाफ धरली होती. कुकरचा प्लग काढलेला होता, भांड्यावर दोन टॉवेल गुंडाळलेले होते. भांडं अजून गरम होतं. काट्याने एक तुकडा दाबून पाहिला, तो दाबला गेला नाही.

वरच्या मजल्यावरच्या बाई आमचं पार्सल द्यायला आल्या होत्या. इथे घरी कुणी नसलं की शेजारी पार्सल घेऊन ठेवतात. बेल वाजताच आईने आधी प्लग काढला, मग दार उघडलं.

"पार्सल दिलं, पण हलेनात," आई म्हणाली. "नाक वर करून उभ्या. वास जिन्यात गेला होता. मी काय करणार?"

मुलगी हसली आणि जर्मनमध्ये म्हणाली की आजी पोलिसांना घाबरल्यासारखी वागते. आईने अर्थ विचारला. मी सांगितला नाही.

कुकर पुन्हा लावला. जेवायच्या वेळेपर्यंत मांस शिजलं नाही. आम्ही पिठलं-भात खाल्ला, आणि आईच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव दिसला.

सकाळी स्ट्यू तयार होता. मांस चमच्याने तुटत होतं आणि रस्सा मसाल्याने काळसर झाला होता. मी तीन वाट्या भरल्या. आई प्रवासाची साडी नेसून, स्वेटर घालून बाहेर आली. वाटीकडे तिने बराच वेळ पाहिलं.

"छान झालंय, दिसतंच आहे," ती म्हणाली. "पण साडीला वास लागेल गं. विमानात शेजारी कोण असेल, काय सांगावं."

तिने चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली. वाटी तशीच राहिली. म्युनिकच्या विमानतळापर्यंत ती मुलीच्या शाळेबद्दल बोलत होती.

त्या आठवड्यात जिन्यात वरच्या बाई भेटल्या. आई पोचली का, हे त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या की त्या दिवशी त्या दारात मुद्दामच थांबल्या होत्या. त्यांच्या आईचा गुलाश, बीफचाच रस्सा, रविवारी असाच जिन्यात दरवळायचा. आत बोलावतील असं त्यांना वाटलं होतं, पण आईला जर्मन येत नसल्याने विचारता आलं नाही.

हे आईला सांगायचं आहे. आमचं रोज बोलणं होतं. पण ती फोन स्पीकरवर ठेवते आणि खोलीत शेजारचं कुणी ना कुणी बसलेलं असतं. अजून सांगितलेलं नाही.