गाण्यातली कापलेली जागा

रविवारी सकाळी चहाच्या गाडीवर आम्ही कॉलेजचे तिघं मित्र जमतो आणि तीस वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी रॉक गाण्यावरून अजून भांडतो. सुधीर म्हणतो, दुसऱ्या कडव्यात 'रिव्हर' आहे. मन्या म्हणतो, "बहिऱ्या, 'फीवर' आहे ते!" मग विषय हमखास त्या कापलेल्या शब्दावर येतो. ऐन रंगात आलेलं गाणं तिथे क्षणभर बंदच पडतं. "सरकारनं कापला," सुधीर म्हणतो. "कंपनीनं," मन्या म्हणतो. फोनवर हल्ली अख्खं गाणं मिळतं, पण ते यांना पटतच नाही. आपलं गाणं ते नव्हेच, म्हणतात.

मी चहा फुंकत बसतो, कारण तो शब्द मी कापला होता.

आमचा टेप स्वयंपाकघरात असायचा. पोळ्या लाटता लाटता आई एकेका ओळीचा अर्थ विचारायची आणि मी सांगायचो. त्या एका शब्दाचा अर्थ आईला सांगणं शक्यच नव्हतं. म्हणून रेकॉर्डचं बटण दाबून तेवढी जागा पुसली. या दोघांनी कॅसेटी भरून घेतल्या त्या माझ्याच कॅसेटवरून.

परवा एकदाचं कबूल केलं. दोघं इतके हसले की चहावाल्यानं वळून पाहिलं. मीही हसलो, पण पुरतं नाही. आईनं त्या गाण्यात 'ओ येह'चासुद्धा अर्थ विचारला होता. ती गप्प जागा आली की मात्र तिचं लाटणं जरासं थांबायचं, आणि काहीही न विचारता ती पुढची पोळी घ्यायची.