गयामावशीनं दिलेला आवाज

गयामावशीची मेंढरं माळाच्या पार टोकाला चरत असायची आणि ती शाळेच्या कुंपणाशी बसून त्यांना हाक मारायची. त्याला ओरडणं म्हणता यायचं नाही. मानेची शीरसुद्धा फुगायची नाही. तरी सगळा कळप मान वर करून वळायचा.

दिंद्रुडच्या बाजूला एका खेड्यात मी शिक्षिका होते. एका खोलीत दोन वर्ग, त्यामुळे दिवसभर ओरडून शिकवायची. दुपारपर्यंत आवाज बसायचा. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "स्वरतंतूंवर गाठी आल्यात. बोलण्याची पद्धत बदला, नाहीतर आवाज कायमचा जाईल." व्यायामाचा एक कागदही दिला. तो वाचून मला काही जमेना.

एकदा मधल्या सुट्टीत मावशी कुंपणापाशी आली. "बाई, गळ्याला कावून पिळायलात? रोज ऐकते म्या. मलाच दुकतं."

दुसऱ्या दिवसापासून मी शाळा भरायच्या अर्धा तास आधी येऊ लागले. मावशीनं मला व्हरांड्यात उताणं झोपवलं. पोटावर माझाच हात ठेवायला लावला. "आदी अंग सोडा. खांदे कानाला लागलेत तुमचे." मग मुद्दाम जांभया द्यायच्या, जबडा लोंबता सोडायचा, तोंड मिटून नुसतं हं करायचं. आठवडाभर त्या अर्ध्या तासात तिनं एक शब्दही बोलू दिला नाही. मी घाई केली की चिडायची. "हाक रेटायची न्हाई, बाई. श्वासासंगं सोडायची."

हे सहा-सात महिने चाललं. गाठी विरल्या. मी मुलांशी बसल्या जागेवरून बोलू लागले आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाऊ लागलं. तालुक्याच्या कार्यक्रमांत सूत्रसंचालनाला मला बोलावणं येऊ लागलं. मावशीला सांगितलं की ती लाजून हसायची. "माजं काय त्यात? रोज तुमीच केलं."

पुढच्या वर्षी गावचं गायरान सौरऊर्जेच्या प्रकल्पाला द्यायचं ठरू लागलं. मेंढरं चरायला दुसरी जागा नव्हती. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी मावशी माझ्याकडे आली. आजवर तिनं माझ्याकडे काहीच मागितलं नव्हतं.

"बाई, उद्या तुमी बोला. कागदाचं बोलणं मला येत न्हाई. तुमचं लोक ऐकतेत."

मी हो म्हणाले. रात्री मुद्दे लिहून काढले.

सभेत मुख्याध्यापक माझ्या मागेच बसले होते. ते हळूच म्हणाले, "बाई, आपण सरकारी नोकर. बदली कुठं होईल सांगता येत नाही." माझी मुलगी तेव्हा दहावीला होती. सरपंचांनी विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?" बायकांमध्ये बसलेल्या मावशीनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी पदराचा काठ बघत राहिले.

शेवटी तीच उठली. "आमची जितराबं..." एवढंच म्हणाली. आवाज चिरकला. मागं कुणीतरी हसलं. ती खाली बसली आणि ठराव झाला.

चार दिवसांनी माफी मागायला तिच्या घरी गेले. ती सामान बांधत होती. अर्धी मेंढरं विकून लेकीकडे धर्मापुरीला निघाली होती. तिनं चहा ठेवला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "गळा बरा हाय न्हवं? थंडीत जपा." चहा पिऊन, माफी न मागताच मी परत आले.

गेल्या वर्षी तिच्या लेकीचा फोन आला. मावशी गेली होती. दहावाही होऊन गेला होता.

आता तालुक्याच्या प्रशिक्षणात नव्या शिक्षिकांना आवाज जपायला मी शिकवते. सतरंजीवर झोपवते, पोटावर हात ठेवायला लावते. कुठं शिकलात, असं त्या विचारतात. मी गयामावशीचं नाव सांगते, तिची मेंढरं सांगते, व्हरांड्यातले ते सकाळचे धडे सांगते. ग्रामसभेचं अजून एकीलाही सांगितलेलं नाही.