ताकीद

“ताकीद कुणाची गं? सरकारची का तुझी?” बायाक्कानं घागर दाणकन खाली ठेवली. “परवा तुझ्या लेकीला साय पयली वाढायची, तीबी ताकीदच व्हती न्हवं?”

“आक्का, माझ्या दादानं कचेरीतनं सांगितलंय. उद्या उजाडायच्या आत गल्ली रिकामी करून माळावरच्या झोपड्यांत जायचं. प्लेगचं हाय, चेष्टा न्हाय.” धाकटी जाऊ अंजनी शांतपणे अंथरुणं बांधत राहिली. ते शांत राहणंच बायाक्काला जास्त झोंबलं.

शहापूरच्या या विणकराच्या घरात बायाक्का थोरली सून. सासू गेली, किल्ल्या तिच्या कनवटीला आल्या. धाकट्या दिरासाठी अंजनीला पसंत केलं तेही तिनंच. पुढं अंजनीचा भाऊ कचेरीत पट्टेवाला झाला आणि ‘ताकीद’ हा शब्द घरात शिरला. बायाक्का म्हणाली, “पाणी उकळून प्या,” तर सगळे हूं म्हणायचे आणि घागरीतलंच प्यायचे. अंजनी म्हणाली, “पाणी उकळायची ताकीद हाय,” की सिद्राम, बायाक्काचा स्वतःचा नवरा, उठून चुलीत लाकूड सारायचा. सांगण्याला उलट उत्तर देता येतं, ताकिदीला देता येत नाही, एवढाच काय तो फरक. एकदा बायाक्कानंही म्हणून पाहिलं, “दिवा लवकर मालवायची ताकीद हाय.” घर खो खो हसलं. “तुला कवा पट्टा मिळाला गं?” सिद्राम म्हणाला होता. किल्ल्या बायाक्काकडं होत्या; घराचे कान अंजनीकडं.

सामान बांधून झालं, पण सासरा तम्मण्णा मागाच्या खड्ड्यातून उठेना.

“लुगडं निम्म्यावर हाय. पदर झाल्याबिगार मी हलत न्हाय.”

“मामंजी, ताकीद हाय,” अंजनी म्हणाली.

“असंल. तुझ्या दादाला म्हणावं, ये आणि पदर विणून दे.”

बायाक्काच्या जिवाला असं गार वाटलं, की हसू पदराआड लपवावं लागलं. मग ती ऐटीत पुढं झाली. “मामंजी, माझं तरी ऐका.”

“तुझं काय ऐकायचं? तुझं रोजचंच हाय.”

तेही अंजनीच्या देखत! बायाक्काचे कान तापले. मान खाली गेली, तेव्हा तिला खड्ड्यात, म्हाताऱ्याच्या अनवाणी पायाशी, उताणा पडलेला उंदीर दिसला. उंदीर पडला की माणूस पडायला वेळ लागत नाही, हे त्या साली पोरांनाही ठाऊक होतं.

ती ओरडली नाही. कोनाड्यातली कात्री घेतली आणि मागावरचा ताणा, सगळे उभे धागे, या कडेपासून त्या कडेपर्यंत कापून टाकला. निम्मं लुगडं कापणं म्हणजे भरल्या ताटावरून माणूस उठवणं. धोटा म्हाताऱ्याच्या हातातच राहिला. सिद्राम दारात थिजला. गाठोडी दाराशी लावणारे अंजनीचे हात पहिल्यांदाच थांबले.

बायाक्कानं कात्री कनवटीला किल्ल्यांशेजारी खोचली.

“मामंजी पयल्या गाडीत बसतील. बाकीची मागनं चालत. आन् झोपडीतली चूल मी पेटवणार, अंजनी न्हाय.”