एसेनची न झालेली झोप

बिश्केकच्या आखाड्यामागं माझी मालिशीची खोली आहे. तिथं येणारी पोरं विचारतात, नारीनचा एसेन हरला कसा? मी सांगतो, झोपेनं मारला त्याला. पोरं हसतात. हसा लेको.

बत्तीस वर्षांचा गडी, सगळ्यात जड गटातला, पट काढण्यात तरबेज. ऑलिंपिकला जायची ती शेवटची पात्रता कुस्ती, शिकागोत. हरला की संघातून कायमचा घरी. व्हिसा रखडला आणि आम्ही कुस्तीच्या आदल्या दिवशी तिथं उतरलो. त्यांची भर दुपार, आपली मध्यरात्र. अंगातलं घड्याळ काही आपल्या हुकमानं फिरत नाही. मी त्याला बजावलं, "अंधार पडेस्तोवर उन्हात चाल. मग जी ताणून द्यायची ती थेट सकाळपर्यंत."

संध्याकाळी हॉटेलात तोक्तोसून आके हजर. तिथं ट्रक चालवणाऱ्या आपल्या किर्गिझांचा म्होरक्या, साठीचा, वडीलधारा म्हणून सगळ्यांचा आके.

"आपला पैलवान हॉटेलात जेवणार? आम्ही काय मेलो? मेंढरू कापलंय, चला."

मी म्हटलं, "आके, उद्या जिंकला की दोन कापा. आज त्याला झोपू द्या."

"विमानात काय केलं मग दिवसभर?"

एसेननं निमूट बूट चढवले. माझं डोकंच फिरलं.

आकेंच्या घरात त्याला दारासमोरच्या भिंतीशी, मानाच्या जागी बसवलं आणि मेंढराचं डोकं त्याच्यापुढं ठेवलं. आता संपलंच. डोकं ज्याच्यापुढं येतं, त्यानं शेवटचा आशीर्वाद होऊन सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवल्याशिवाय उठायचं नसतं. एसेनच्या पापण्या मिटत होत्या. मी त्याला कोपरानं ढोसलं. "पोटात दुखतंय म्हण आणि ऊठ."

"बाइके, माणसं कामं टाकून आलीत माझ्यासाठी. कसा उठू?" मला तो थोरला भाऊ मानून बाइकेच म्हणायचा.

"मग बस आणि मर."

चहा झाला, गाणी झाली, पुन्हा चहा. आशीर्वाद होईतो तिथं मध्यरात्र झाली, म्हणजे आपल्याकडची भर दुपार, आणि एसेनची झोप पार उडाली होती. गादीवर पडून तो नुसता छताकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्तीआधी मी त्याच्या मांड्या चोळल्या, तर गार पडलेल्या. समोरचा मल्ल काही वाघ नव्हता, एसेननं त्याला मागं दोनदा लोळवला होता. या वेळी तो पायाला हात घालतोय हे एसेनला दिसत होतं, पण पाय मागं निघेना. चितपट झाला. मला रडू आलं, सांगायला लाज कसली.

बाहेर आके उभे होते. "एवढं खाऊ घातलं, तरी उभं राहता येईना तुला?"

मी तोंड उघडणार तोच एसेननं माझं मनगट धरलं. "माझंच चुकलं, आके," म्हणाला आणि वाकला.

आकेंनी नारीनला फोन करून कळवलं की पोरगा लढलाच नाही. बापानं त्याच्याशी बोलणं टाकलं.

एसेन आता नारीन-बिश्केक मिनीबस चालवतो. बाप गेल्या हिवाळ्यात गेला. मातीला गेलो तेव्हा मी एसेनवर चिडलो, "निदान बापाला तरी खरं सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं, बाइके, त्यांनी बोलणं टाकायच्या आधी, फोनवर. म्हणाले, झोप झाली नाही म्हणून हरलो असं मर्द माणूस सांगतो का. नंतर मी कुणालाच सांगितलं नाही."